उदंड पावसाच्या तालुक्यात पाण्याचा हिशेब कोण ठेवणार?

गगनबावडा : सर्वाधिक पावसाचा तालुका अशी गगनबावड्याची कोल्हापूर जिल्ह्यात ओळख आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाकाठी सरासरी ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो; जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळमध्ये, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच पडतो. तरीही उन्हाळ्यात डोंगरावरील वाड्यांचे झरे आटतात. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि पाऊस चारच महिन्यांचा. त्यामुळे पाणी थांबत नाही.

पावसाळ्यानंतर कुंभीकाठची शेती लखमापूर येथील कुंभी धरणावर विसंबते. धरणातून सोडलेले पाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडते. पावसाळा सरताच बंधाऱ्यांना बरगे घातले जातात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढले जातात. तेथून वैयक्तिक कृषिपंप आणि सहकारी पाणीपुरवठा संस्था हे पाणी उचलून प्रामुख्याने उसाला देतात.

मोजणीचे दुखणे

धरणातील साठा काटेकोरपणे मोजला जातो. शेतात किती पाणी मुरले, हे मात्र सहसा मोजले जात नाही. पाणीपट्टीची आकारणी बहुतांशी पीक व क्षेत्रावर होत आल्याने पाणी वाचविणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळू लागली. शेतकऱ्याचा भार हलका झाला खरा. परंतु पंप वेळेत बंद करण्याचे उरलेसुरले कारणही संपले. टंचाईच्या वर्षी मग पाटबंधारे विभागाच्या हाती उपसाबंदी एवढेच शस्त्र उरते. या बंदीची झळ ठिबकवाल्याला आणि पाट मोकळा सोडणाऱ्याला सारखीच बसते.

कायदा आहे, वापर हवा

महाराष्ट्राने २००५ मध्येच शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी द्यावे आणि संस्थेने ते सभासदांना वाटावे, हे त्याचे सूत्र आहे. उपसा सिंचनासाठीही त्यात तरतूद आहे. नदीकाठच्या संस्थांना ठराविक कोटा आणि उपशाला मीटर मिळाले, तर वाचलेले पाणी कोणाचे, या प्रश्नाला प्रथमच उत्तर मिळेल.

अतिसिंचनाची किंमत शिरोळने क्षारपड जमिनींच्या रूपाने मोजली आहे. गगनबावड्यात प्रश्न जमिनीइतकाच न्यायाचा आहे. ज्यांच्या डोंगरावर हा पाऊस पडतो, त्या वाड्या धरणाच्या पातळीहून उंचावर आहेत. पाण्याचा कोटा ठरेल तेव्हा त्यांचा वाटाही कागदावर आला पाहिजे; अन्यथा विक्रमी पावसाच्या नोंदीपलीकडे त्यांच्या हाती काही लागणार नाही.