टॉवेलची पाटी आणि मागचं दार

गेल्या महिन्यात ओझर विमानतळाजवळच्या एका हॉटेलात पुण्याहून आलेल्या मेहुण्यांना भेटायला गेलो होतो. बाथरूममध्ये एक सुबक पाटी होती: पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. आनंद झाला. निघताना गाडी मागे लावलेली होती म्हणून मागच्या बाजूने गेलो, तर स्वयंपाकघराच्या दाराशी उघडे पिंप, त्यात भात, हाडं, अर्धे नान, आणि वर घारी घिरट्या घालताहेत. धावपट्टी तिथून किती लांब? विमानाचा आवाज खिडकीची काच हलवतो, इतकी.

हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका हॉटेलचा नाहीच.

1937 च्या विमान नियमांत 91 क्रमांकाचा नियम आहे. विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या वर्तुळात पक्षी ओढले जातील असा कचरा टाकायचा नाही, जनावर कापायचं नाही. टाकाऊ माल कुणाकुणाचा, हेही तिथे लिहिलंय: मटणाची दुकानं, मासळीची दुकानं आणि हॉटेलं. होय, हॉटेलं! पण नियम आठवतो तेव्हा पहिल्यांदा कुणाचं शटर खाली येतं? 2023 साली बंगळुरूच्या एरो इंडियाआधी येलहंका तळाभोवती 10 किलोमीटरपर्यंत मांसविक्री बंद केली गेली. पक्षी इंजिनात गेला तर माणसं मरतात, तेव्हा काळजी घ्यायलाच हवी. त्याबद्दल माझं दुमत नाही. पण रोजंदारीवर कोंबड्या विकणारा दुकान बंद करून घरी बसणार, आणि पन्नास खोल्यांच्या हॉटेलचं उष्टं रात्री ट्रॅक्टरने कुठल्या तरी ओढ्यात जाणार, याला सुरक्षितता कशी म्हणायची? घारीला काय, मटण दुकानातलं की बुफेतलं, तिला फरक पडत नाही.

त्यावर उपाय शोधायला परदेशात जायची गरज नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर, त्यात हॉटेलं आलीच, ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी टाकली. झाकणाचे पिंप, एक छोटं बायोगॅस संयंत्र, आणि कोणता कचरा कुणी नेला याची वही. वही महत्त्वाची, कारण तपासायला काहीतरी हातात लागतं. टॉवेलची पाटी कोण तपासणार?

पाण्याचंही तेच. ओझर म्हणजे फक्त एचएएलचा विमान कारखाना नव्हे. इथेच बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने 1990 च्या सुमारास वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांना एकत्र करून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, मोजल्याप्रमाणे पैसे भरायचे. द्राक्षवाला शेतकरी घनमीटरचा हिशेब देतो, आणि त्याच्या शिवाराशेजारचं हॉटेल बोअरला मीटरही लावत नाही. (आम्हाला लहानपणी मशिदीत हौदाच्या काठी शिकवलं गेलं होतं की वाहत्या नदीवर बसून वजू करत असलात तरी पाणी उधळू नका. तेव्हा आम्हाला ते उगाच कडक वाटायचं.)

आता 2027 चा सिंहस्थ येतोय. प्रवासी वाढतील, जानोरी रस्त्याला खोल्या वाढतील, आणि परवानग्या घाईघाईत दिल्या जातील, हे सांगायला ज्योतिषी नको. 2014 मध्ये विमानतळाची नवी इमारत उघडली, तेव्हा आजूबाजूला बहुतेक बागाच होत्या. म्हणून ग्रामपंचायतींना, जिल्हा प्रशासनाला आणि विमानतळ चालवणाऱ्यांना माझी एवढीच मागणी आहे. नव्या हॉटेलला परवाना देताना स्वागतकक्ष बघू नका. बोअरचा मीटर बघा, कचऱ्याची वही बघा, आणि सांडपाणी कुठे सोडलंय ते चालत जाऊन बघा. आणि नियम 91 लावायचाच असेल, तर यादीत मटणवाल्याच्या शेजारी हॉटेलवाल्याचंही नाव लिहा. तपासणीला रात्री अकरानंतर जा, मागच्या दाराने.