हिशेबात न बसलेला आकडा

आपल्या घराघरांत कोणी ना कोणी रक्तदाबाची गोळी घेते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लोसार्टन हे नाव आपण वाचले असेल. ही गोळी बनविण्यामागे बोरॉनचे रसायन आहे. बोरॉन म्हणजे सोनाराच्या टाकणखारात आणि कॅरमच्या बोरिक पावडरीत असणारे मूलद्रव्य. ते धड धातू नाही, धड अधातूही नाही. या बोरॉनसाठी सारी हयात वेचणाऱ्या हर्बर्ट ब्राऊन यांच्याविषयी आज लिहावयाचे आहे.

त्यांचा जन्म १९१२ साली लंडनमध्ये झाला. आईवडील युक्रेनकडून आलेले ज्यू. हर्बर्ट दोन वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत शिकागोला गेले. वडील सुतारकाम जाणणारे. पुढे त्यांनी लोखंडी सामानाचे लहानसे दुकान टाकले. १९२६ साली ते वारले. मागे आई, तीन बहिणी आणि चौदा वर्षांचा हर्बर्ट. शाळा सुटली, पोरगा दुकानात बसला. पण त्याचे लक्ष गिऱ्हाइकापेक्षा पुस्तकात. अखेर आईनेच दुकान सांभाळावयाचे ठरविले आणि १९२९ साली मुलाला पुन्हा शाळेत धाडले. त्या माउलीचे नाव पर्ल. नोबेलच्या यादीत ते सापडणार नाही, म्हणून येथे मुद्दाम देत आहोत.

पुढे मंदी आली. तो शिकत होता ते सरकारी कॉलेज १९३३ साली पैशाअभावी बंद पडले. मग जोड्यांच्या दुकानात काम आणि रात्रीचे वर्ग. चेरोनिस नावाच्या शिक्षकांनी आपली स्वतःची प्रयोगशाळा अशा मुलांना खुली केली. तेथेच सारा बेलन ही सहाध्यायी भेटली. शिकागो विद्यापीठात तीन विषय घ्या की दहा, फी तीच. या गड्याने दहा घेतले आणि दोन वर्षांचा अभ्यास तीन सत्रांत उरकला! १९३६ साली पदवी मिळाली तेव्हा साराने त्याला एक पुस्तक भेट दिले. विषय बोरॉनचा. किंमत दोन डॉलर सहा सेंट. तोच का निवडला? दुकानातले रसायनशास्त्राचे ते सर्वांत स्वस्त पुस्तक होते. पुढल्याच वर्षी दोघांचे लग्न झाले.

आता मूळ गोष्ट. महायुद्धाच्या काळात ब्राऊन आणि त्यांचे गुरू श्लेसिंगर यांनी सोडियम बोरोहायड्राइड हे द्रव्य तयार करण्याची सोपी रीत काढली. पुढे पर्ड्यू विद्यापीठात ब्राऊन यांच्या हाताखाली भारतातून गेलेले बी. सी. सुब्बा राव हे द्रव्य वापरून प्रयोग करीत होते. एकेका पदार्थाला किती हिस्से लागतात याची नोंद चालू होती. बाकीचे पदार्थ दोन हिस्से घेत. एथिल ओलिएटने मात्र सुमारे २.४ घेतले.

आम्हां कारकून मंडळींना हा प्रसंग चांगला ठाऊक आहे. तेरीज जुळत नाही, फरक किरकोळ, साहेब म्हणतात टाका सस्पेन्स खात्यात. येथेही नमुन्यात भेसळ असेल म्हणून तो आकडा वगळता आला असता. त्यांनी फरकाचा माग काढला. ओलिएटमध्ये कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. बोरॉन आणि हायड्रोजन त्या बंधावर जाऊन बसत होते. जादा खर्च तेथे पडत होता. म्हणजे कार्बन-बोरॉन संयुगे साध्या भांड्यात, सहज बनू लागली. त्यांच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रिया केली की अल्कोहोल मिळते, आणि तेही नेहमीच्या रीतीने जेथे होते त्याच्या शेजारच्या कार्बनवर. १९५६ साली हे प्रसिद्ध झाले. १९७९ साली ब्राऊन यांना जर्मनीच्या विटिग यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

जपानचे अकिरा सुझुकी १९६३ साली त्यांच्याकडे शिकावयास आले होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी आणि मियाउरा यांनी १९७९ साली दाखविले की पॅलेडियम धातू चिमूटभर टाकला, तर बोरॉन लावलेला एक तुकडा दुसऱ्या तुकड्याशी कार्बनला कार्बन जोडून देता येतो. पॅलेडियम स्वतः खर्ची पडत नाही, जोडणी करून पुन्हा मोकळा होतो. यालाच उत्प्रेरक म्हणतात. लोसार्टनमधील दोन कडी याच रीतीने जोडतात. सुझुकी आणि ब्राऊन यांचेच दुसरे जपानी सहकारी नेगिशी यांना २०१० साली, अमेरिकेच्या हेक यांच्यासह, नोबेल मिळाले. ब्राऊन २००४ सालीच वारले होते.