दम कुणाला दाखवायचा?

‘बघू, कोणात किती दम आहे!’ स्विमिंग पूल असो की गावाकडची विहीर, ग्रुप जमला की हे वाक्य येतंच. मग पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतं, याची पैज लागते. त्यात कुणीतरी टिप देतो, ‘आधी जोरजोरात श्वास घे, ऑक्सिजन भरून घे.’ ही टिप मीही दिली आहे. आज वाटतं, तेव्हा कुणीतरी मला गप्प करायला हवं होतं.

कारण शरीराचं गणित वेगळंच आहे. श्वास मुख्यतः छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाच्या जोरावर चालतो. हृदयासारखा या स्नायूला स्वतःचा ठोका नसतो. त्याला हुकूम येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून, मानेतून खाली उतरणाऱ्या फ्रेनिक नसांमार्फत. बोलताना, गाताना, पोहताना हा कंट्रोल आपण थोडा वेळ हातात घेऊ शकतो. पण थोडाच वेळ.

श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो, तो मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे नाही, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तोच आपला अलार्म. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन एरवीही ऑक्सिजनने ९५ टक्क्यांहून जास्त भरलेलं असतं. त्यामुळे धापा टाकून रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र बराच कमी होतो, आणि अलार्म उशिरा वाजतो. तोवर ऑक्सिजन इतका उतरतो, की गुदमरल्यासारखं वाटायच्या आधीच शुद्ध हरपते. मग कंट्रोल पुन्हा मेंदूकडे जातो, श्वास आपोआप सुरू होतो... पाण्याखाली! आणि वर मित्र सेकंद मोजत टाळ्या वाजवत असतात.

‘पण मला उत्तम पोहता येतं,’ असं कुणी म्हणेल. इथे ते कामाला येत नाही. उलट सराव असलेलाच जास्त ताणतो. फ्री डायव्हिंग शिकलेलेही सोबत लक्ष ठेवणारा जोडीदार असल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत.

पोहा, डुंबा, मजा करा. फक्त ही पैज नको आणि ती टिपही नको. पुढच्या पिकनिकला कुणी ‘दम आहे का?’ विचारलं, तर सरळ सांगा, ‘आहे, आणि तो मला टिकवायचाय.’