फिरता साचा

उशेगावच्या ओझा कारागिरांची पितळी मूर्ती आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असेल. (जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते.) मातीचा गाभा करावा, त्यावर मेणाच्या तारा गुंडाळून आकार द्यावा, वरून मातीचा लेप चढवावा, आच देऊन मेण काढावे आणि त्या रित्या जागेत वितळलेले पितळ ओतावे, अशी ही रीत. आदिलाबादच्या या ढोकरा कामास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. मात्र सारी भिस्त गाभ्यावर. तो तसूभर सरकला, की भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ. साचा तर फोडलेला, तेव्हा पुन्हा मेणापासून आरंभ.

पोकळ वस्तू गाभ्यावाचून ओतता येईल काय, असे कोणा चौकस विद्यार्थ्याने विचारल्यास आम्ही त्याला पाणीपुरवठ्याच्या कामावर रचलेले काळे लोखंडी नळ दाखवतो. ते बहुधा फिरत्या साच्यात ओतलेले असतात. हा साचा म्हणजे आडवी पोलादी नळी. ती वेगाने फिरत असता आत लोखंडाचा रस सोडतात. गोफणीतला धोंडा जसा बाहेर धाव घेऊ पाहतो, तसा रस भिंतीस जाऊन चिकटतो आणि मधली पोकळी आपोआप राहते. जाडी किती, हे ओतलेल्या रसावर ठरते. वेग कमी पडला, तर माथ्यावरचा रस खाली गळतो. २० सेंटिमीटर व्यासाचा साचा मिनिटाला १,००० फेरे घेऊ लागला, की भिंतीलगतच्या रसाची बाहेरची ओढ त्याच्या वजनाच्या सुमारे ११२ पट होते. हा हिशेब घरातील मुलांकडून अवश्य करवून घ्यावा. एवढ्या ओढीत जड धातू बाहेर सरतो, हलका मळ आतल्या अंगास येतो. इंजिनाच्या लायनरचा हा आतला थर लेथवर कापून टाकतात, आणि उरते ते घट्ट लोखंड.

म्हणून ओझांचे काम मागासलेले ठरवण्याची घाई मात्र आम्हांस मान्य नाही. फिरत्या नळीतून नळ निघेल, मोर निघणार नाही. नाजूक अंगठ्या ओतणारे सोनारही मेणाचाच नमुना करतात, त्याभोवती पांढऱ्या मसाल्याचा साचा घट्ट करतात, मेण जाळतात. मग कित्येक ठिकाणी तो साचा फिरत्या दांड्याच्या टोकाशी बसवून सोन्याचा रस बारीक नक्षीत ढकलतात. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या दाढेवर धातूची जुनी कॅप असेल, तर तीही बहुधा अशीच, मेण जाळून आणि साचा फिरवून ओतलेली.