स्पाइक गार्ड घेतला, पण अर्थिंगचं काय?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आपलं होस्टेलवाल्यांचं बिऱ्हाड एका बॅगेत. नवीन वर्ष सुरू झालं की बादली, कुलूप, गादी यांच्या यादीत हल्ली स्पाइक गार्ड हमखास असतो. घरचेही बजावतात, 'लॅपटॉप महागाचा आहे, साधा बोर्ड घेऊ नकोस.' आपण तो आणतो, भिंतीच्या सॉकेटला लावतो, लाल दिवा लागतो आणि आपण निश्चिंत होतो. माझं म्हणणं असं की ही निश्चिंती फुकाची आहे. स्पाइक गार्ड निवडण्याआधी सॉकेट तपासायला हवा, आणि ही तपासणी विद्यार्थ्याच्या नव्हे तर होस्टेलच्या कामांच्या यादीत हवी.

ही गोष्ट अमेरिकेतल्या मोटरहोमवाल्यांकडून शिकण्यासारखी आहे. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. स्वयंपाकघर, फ्रिज, एसी सगळं गाडीतच. रात्री कॅम्पग्राउंडवर गाडी लावायची आणि तिथल्या खांबावरच्या सॉकेटमधून वीज घ्यायची. आज हा खांब, उद्या दुसरा. त्याचं वायरिंग कोणी केलं, कधी केलं, काही ठाऊक नसतं. त्यामुळे या लोकांसाठी बाजारात दोन प्रकारचे सर्ज प्रोटेक्टर मिळतात. एक साधा, फक्त सर्ज अडवणारा. दुसरा जरा महाग, पण आधी खांबाची परीक्षा घेणारा. फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, अर्थ आहे का, न्यूट्रल तुटलेला आहे का, व्होल्टेज किती आहे, हे पाहून मगच तो गाडीला वीज देतो. तिथला पुरवठा १२० व्होल्टचा. या प्रकारातली अनेक मॉडेल्स व्होल्टेज १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं की सरळ वीज तोडतात. जाणकार मोटरहोमवाले दुसराच घ्यायला सांगतात. कारण? गाडीची जास्त नासधूस सर्जमुळे नाही, खांबाच्या चुकीच्या वायरिंगमुळे होऊ शकते.

आता विचार करा, आपली परिस्थिती काय वेगळी आहे? दरवर्षी नवी खोली, नवा सॉकेट. भिंतीच्या आत काय आहे, देव जाणे!

स्पाइक गार्डच्या पोटात काय असतं ते आधी पाहू. नाण्याएवढी झिंक ऑक्साइडची चकती, म्हणजे एमओव्ही. नेहमीच्या व्होल्टेजला ती जवळजवळ उघड्या स्विचसारखी असते. कुठे वीज कडाडली किंवा जवळपास मोठी मोटर बंद झाली की लाइनवर काही मायक्रोसेकंदांपुरता व्होल्टेजचा झटका येतो. तेवढ्यापुरती ही चकती वाट मोकळी करून देते आणि झटका लॅपटॉपऐवजी तिच्यातून जातो. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी साधारणपणे २७५ व्होल्ट कायम सोसणारी चकती वापरतात. लक्षात घ्या, तिचं काम मायक्रोसेकंदांचं आहे. मिनिटभर जादा व्होल्टेज आलं तर ती तापते. चांगल्या स्पाइक गार्डमध्ये तिच्याशेजारी थर्मल फ्यूज असतो, तो तिला बाजूला काढतो. स्वस्तातल्या मालात फ्यूज नसतो, कधी कधी चकतीही नसते. असतो फक्त दिवा!

मिनिटभर जादा व्होल्टेज येतं कुठून? तुटलेल्या न्यूट्रलमधून. मोठ्या मोटरहोमला १२० व्होल्टच्या दोन लाइन्स आणि मध्ये एक न्यूट्रल मिळतो. तो न्यूट्रल सुटला की दोन्ही लाइन्सवरची उपकरणं २४० व्होल्टवर सिरीजमध्ये येतात. जिथे लोड कमी, तिथे व्होल्टेज जास्त, आणि बिचारा टीव्ही जातो. आपल्याकडे हाच प्रकार थ्री-फेजमध्ये होतो. होस्टेलचे तीन मजले तीन फेजवर आहेत असं धरा. मुख्य न्यूट्रल ढिला झाला की ज्या मजल्यावर लोड कमी त्याचं व्होल्टेज २३० वरून थेट ४०० च्या दिशेने चढू लागतं. अशा वेळी पाचशे रुपयांचा स्पाइक गार्ड काय करणार? आधी स्वतः जळणार, मग लॅपटॉपचा चार्जर.

दुसरा प्रश्न अर्थचा, आणि तो जिवाशी खेळ आहे. मोटरहोम रबरी टायरवर उभी. खांबाचा अर्थ तुटलेला असेल आणि आत कुठे लीकेज असेल तर गाडीचं सगळं पत्र्याचं अंग 'जिवंत' होतं. ओल्या गवतावर उभं राहून दाराला हात लावला की शॉक. आता आपल्या खोलीत या. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर तो 'थोडासा करंट' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ जागेवर असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेट पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट फार थोडा, पण निरोप मोठा: या सॉकेटला अर्थ नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. स्पाइक गार्डच्या सगळ्या सॉकेट्सचा अर्थ आतून एकच असतो. भिंतीत अर्थ नसेल आणि त्याच बोर्डावर लावलेली इस्त्री बॉडीला शॉर्ट झाली, तर पूर्ण २३० व्होल्ट शेजारच्या कॅबिनेटवरही येतात. म्हणजे इस्त्री एकाची आणि शॉक रूम पार्टनरला! शिवाय एमओव्हीच्या तीन जोड्यांपैकी दोन, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, अर्थ नसताना निकामीच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग करायचं काय? आपल्या हातात असलेलं आधी सांगतो. तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन तोडू नका, टू-पिन कन्व्हर्टर वापरू नका. ती पिन लांब आणि जाड असते ती उगीच नाही. अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून ती तशी आहे. सहा अँपिअरच्या स्पाइक गार्डवर साधारण १३८० वॉटपर्यंतच लोड चालतो, तेव्हा पाणी तापवायचा रॉड त्यावर कधीच नको. घेताना नुसते ज्यूल्सचे आकडे पाहू नका. थर्मल फ्यूज आहे का, संरक्षण शाबूत असल्याचा वेगळा दिवा आहे का, ते विचारा. आणि ढग गडगडू लागले की प्लग काढा. यापेक्षा चांगला सर्ज प्रोटेक्टर अजून निघालेला नाही.

बाकीचं काम होस्टेलचं. मुख्य पॅनेलमध्ये टाइप २ चं सर्ज प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस, जादा-कमी व्होल्टेजला वीज तोडणारा रिले आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी. डिव्हाइस बसवताना त्याच्या तारा लांबवू नयेत, सगळ्या मिळून अर्धा मीटरच्या आत हव्यात. सर्जच्या वेगाला मीटरभर तारसुद्धा अडथळा ठरते. जनरेटर असेल तर ते चेंजओव्हर स्विचच्या पुढे, लोडच्या बाजूला हवं, म्हणजे दोन्हीकडून आलेल्या विजेवर पहारा राहील. मोटरहोममध्ये कायमचा प्रोटेक्टर बसवतानाही हाच प्रश्न पडतो: ट्रान्सफर स्विचच्या अलीकडे की पलीकडे?

'बजेट नाही' असं उत्तर येईल हे माहीत आहे. साधा हिशेब करू. समजा दोनशे मुलांनी पाचशे रुपयांचे स्पाइक गार्ड घेतले. झाले एक लाख रुपये. तेही अर्थिंग नसेल तर निम्मे वाया. मुख्य पॅनेलचं डिव्हाइस काही हजारांत येतं. कोणी म्हणेल, मुलंच बेकायदा शेगड्या वापरतात, त्याचं काय? खरं आहे, वापरू नयेत. पण शेगडी जप्त केल्याने भिंतीतला अर्थ परत येत नाही.

अर्थिंगच्या तपासणीला तर बाहेरचं कोणी बोलवायचीही गरज नाही. आयएस ३०४३ हा अर्थिंगचा भारतीय कोड आपण अभ्यासतो, अर्थ टेस्टरचं प्रॅक्टिकल करतो, जर्नल भरतो, सही घेतो. तेच प्रॅक्टिकल सरांच्या आणि वायरमनच्या देखरेखीखाली होस्टेलच्या खड्ड्यांवर का करू नये? आणि करायचं तर मे महिन्यात करा. तेव्हा जमीन सर्वांत कोरडी, अर्थचा रेझिस्टन्स सर्वांत जास्त, आणि वळवाच्या विजा तेव्हाच कडाडतात. ऑगस्टच्या चिखलात घेतलेलं रीडिंग सुंदर येईल, पण ते फसवं असेल. सॉकेटमागे मात्र कोणी हौशीने हात घालू नये, ते काम वायरमनचंच.

माझी मागणी लहान आहे. आग विझवायच्या सिलिंडरवर जशी तपासणीची तारीख लिहितात, तशी प्रत्येक मजल्याच्या डीबीवर अर्थिंग तपासल्याची तारीख आणि रीडिंग लिहिलं जावं. रेक्टर सरांनी मनावर घेतलं तर एका सेमिस्टरचं काम आहे. तोपर्यंत स्पाइक गार्डचा लाल दिवा पाहून कोणी निर्धास्त होऊ नका. तो फक्त सांगतो, लाइट आहे.