शल्यविशारदाचे वेतन आणि राजूरचा रुग्ण

शल्यविशारद किती मिळवितात, हा प्रश्न आपल्या समाजात बहुधा मत्सरापोटी विचारला जातो. कोणी शस्त्रक्रियेच्या बिलाचा आकडा सांगतो, कोणी डॉक्टरांच्या बंगल्याकडे बोट दाखवितो आणि चर्चा तेथेच संपते. आमच्या मते हा प्रश्न वणी तालुक्यातील राजूरसारख्या गावी उभे राहून विचारावयास हवा. कोळशाच्या खाणी व चुन्याच्या भट्ट्या यांवर जगणाऱ्या या वस्तीत मोडलेले हाड, चिरडलेला हात वा अडकलेला हर्निया ही नवलाची गोष्ट नव्हे. अशा रुग्णास शल्यविशारदाच्या मिळकतीशी कर्तव्य नसते; तो वेळेवर कोठे भेटेल, एवढेच त्याला हवे असते. परंतु या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यातच दडलेले आहे.

सरकारी वेतनाचा हिशेब पाहा. सातव्या वेतन आयोगाच्या कोष्टकात केंद्रीय आरोग्य सेवेतील सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्याचे आरंभीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये, तर विशेषज्ञाचे ६७,७०० रुपये. म्हणजे पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या खडतर शिक्षणाचे मोल ११,६०० रुपये! त्यावर घरभाडे भत्ता. २०१७ मध्ये केंद्राने स्वीकारलेल्या दरांत तो मुंबई-पुण्यास २४, नागपुरास १६ आणि लहान गावांस ८ टक्के होता. दर पुढे वाढले; उतरंड तीच राहिली, आणि राज्यानेही तिचाच कित्ता गिरविला. गावात घरभाडे कमी असते, हे खरे. परंतु मुलांची उत्तम शाळा आणि समव्यवसायी सहकाऱ्यांची संगत गावात स्वस्त मिळत नाही; ती मिळतच नाही. जेथे माणसाची निकड अधिक, तेथे त्याच्या हाती कमी पैसे ठेवावयाचे, असे हे अजब गणित आहे.

त्याचे फळ डोळ्यांसमोर आहे. ३१ मार्च २०२२ रोजी देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक शल्यचिकित्सकांपैकी ८३.२ टक्के उणे होते.

खासगी व्यवसायात मिळकत ठरते ती केवळ हातातील कौशल्याने नव्हे. रुग्णांची संख्या, भूलतज्ज्ञाची सोय, शिक्षणासाठी व यंत्रसामग्रीसाठी काढलेले कर्ज, आणि रुग्ण पाठविणाऱ्याची मर्जी यांवर ती अवलंबून असते. या मर्जीची किंमत मोजणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध ठरविले. महाराष्ट्रात ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध २०१७ मध्ये कायद्याचा मसुदाही सिद्ध झाला. तो मसुदाच राहिला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, तो स्वागतार्हच. तथापि संरक्षणाची मर्यादा वाढली म्हणून एका शस्त्रक्रियेचा दर वाढत नाही. ठरीव रक्कम रुग्णालयास मिळते. खाट, औषधे, भूल यांचा खर्च वजा जाता उरेल त्यात शल्यविशारदाचा वाटा.

यावर कोणी म्हणेल, सरकारी खर्चाने शिकलेल्यांना खेड्यात पाठवा, म्हणजे झाले. सक्तीच्या सेवेचे बंधपत्र महाराष्ट्रात आहे, आणि अशी बंधपत्रे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरविली. समाजाचे हे ऋण आम्हांसही मान्य आहे. परंतु बंधपत्राने वर्ष पुरे होते. गावाला डॉक्टर लाभत नाही. रुग्णाची ओळख पटते न पटते, तोच निरोपाचा दिवस उजाडतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. घरभाड्यात जे कमी होते, त्याहून अधिक रक्कम ग्रामीण सेवेचा भत्ता म्हणून द्यावी. शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांची नेमणूक जोडीने करावी. भुलेवाचून शस्त्रक्रिया नाही, आणि शस्त्रक्रियेवाचून शल्यविशारदाचे वेतन म्हणजे निव्वळ अपव्यय. बढतीसाठी त्याला शस्त्रक्रियागृह सोडून फायलींत डोके घालावे लागू नये. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने विशेषज्ञांनाच मोबदला सुचविण्याची मुभा देऊन ठिकाणानुसार मोल बदलते हे तत्त्व मान्य केलेच आहे. ते कंत्राटापुरते न ठेवता कायम सेवेत आणावे.

यास पैसा लागेल, हे उघड आहे. परंतु आजही तो वाचत नाही. तो रुग्णाचे नातलग भरतात. चंद्रपूर-नागपूरच्या गाडीभाड्यात, बुडालेल्या मजुरीत आणि सावकाराच्या व्याजात. राजूरच्या कामगाराकडून ही वसुली चालू ठेवावयाची की सरकारने तो भार उचलावयाचा, एवढाच खरा प्रश्न आहे.