उसना संघ, खरी माया

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्याचे नाव काढले की पुणेकराला आपल्या लष्कर भागाची आठवण व्हावी. अशोक रस्ता, त्यावरून दिसणारे सेंट फिलोमिना चर्चचे दोन उंच मनोरे, जवळच मशिदी आणि देवळे. चार पावले चालले की कानांवर दोन-तीन भाषा पडतात. अशा वस्तीत सगळ्यांचा 'आपला' म्हणावा असा विषय सहसा सापडावयाचा नाही. पण क्रिकेटचा हंगाम सुरू झाला की तो सापडतो आणि तो म्हणजे बंगळूरचा संघ.

३ जून २०२५ रोजी रॉयल चॅलेंजर्स बंगळूरु या संघाने अहमदाबाद येथे पंजाब किंग्जचा ६ धावांनी पराभव करून इंडियन प्रीमियर लीगचा चषक प्रथमच जिंकला. कर्नाटकात गावोगाव त्या रात्री फटाके वाजले. 'ई सल कप नम्दे', म्हणजे 'यंदा चषक आमचाच', ही घोषणा वर्षानुवर्षे थट्टेचा विषय झाली होती. ती अखेर खरी ठरली. कन्नड भाषेतील या 'नम्म' शब्दात आपले 'आमचा' आणि 'आपला' हे दोन्ही अर्थ सामावतात. मराठीत मात्र निवड करावी लागते, आणि तेथेच घोटाळा आहे. हा संघ नेमका कोणाचा?

विजयी संघाचा कर्णधार रजत पाटीदार इंदूरचा. ज्याच्या नावाने मैदान दुमदुमते तो विराट कोहली दिल्लीचा. कित्येक खेळाडू तर परदेशचे. शहर म्हणावे तर ते लष्कर मोहल्ल्यापासून सुमारे १४० किलोमीटर दूर. संघाचे नाव २००८ साली पडले ते पहिल्या मालकाच्या मद्याच्या एका छापावरून, आणि २०२४ मध्ये त्यातील 'बँगलोर' जाऊन 'बंगळूरु' आले. खेळाडू लिलावात मिळतात आणि लिलावातच जातात. १० एप्रिल २०२५ रोजी तर कर्नाटकच्याच के. एल. राहुलने दिल्लीकडून खेळताना नाबाद ९३ धावा काढून बंगळूरच्या संघाला बंगळूरमध्येच हरविले आणि बॅटीने जमिनीवर वर्तुळ आखून 'हे माझे मैदान' असे सुचविले. घरच्या मुलाने बाजी मारली म्हणून आनंद मानावा, की आपला संघ हरला म्हणून खेद करावा, अशी प्रेक्षकांची त्या सायंकाळी पंचाईत झाली असेल.

पूर्वीच्या निष्ठा अशा नव्हत्या. म्हैसुरात गरडी म्हणजे तालीम. तेथला मल्ल गल्लीतून जाताना दिसे, त्याच्या वस्तादाला लोक ओळखत. कोल्हापुरात तर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे फुटबॉल संघ आजही पेठांची अब्रू सांभाळतात. गोल मारणारा पोरगा कोणाचा, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. जानेवारी २०१० मध्ये मानसगंगोत्रीच्या मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. जिंकण्यासाठी ३३८ धावा हव्या असताना मनीष पांडेच्या १४४ धावांमुळे कर्नाटक ३३१ पर्यंत पोहोचले, आणि मुंबईने करंडक ६ धावांनी नेला. म्हैसूरकरांना तो पराभव आपला वाटला, यात नवल काय! (सहा हा आकडा या लोकांच्या पाठीस लागलेला दिसतो. २००९ चा अंतिम सामना बंगळूरच्या संघाने जोहान्सबर्ग येथे गमावला, तोही ६ धावांनीच.)

तथापि जवळची निष्ठा तेवढी शुद्ध आणि विकतची तेवढी खोटी, असे म्हणण्यास मी तयार नाही. मुंबईत एके काळी हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे धर्मावर आधारलेले संघ झुंजत आणि प्रेक्षकही तसेच विभागून बसत. गांधीजींनी १९४० साली त्याविरुद्ध मत दिले. १९४६ नंतर ते सामने थांबले. लिलावातून जमविलेल्या संघाच्या चाहत्याला निदान त्याची जात कोणी विचारीत नाही. लष्कर मोहल्ल्यासारख्या वस्तीत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली एक मौजेचे निरीक्षण प्रसिद्ध केले. विद्यापीठाचा संघ जिंकला की विद्यार्थी 'आपण जिंकलो' म्हणत. हरला की हे 'आपण' बरेच आखडे. बंगळूरच्या चाहत्यांना हा नियम लागू पडत नाही. २००९, २०११, २०१६ अशा तीन अंतिम सामन्यांत हार, २०१७ मध्ये कोलकात्यास ४९ धावांत सर्व बाद. तरी 'नम्दे' सुटले नाही. मालक, कर्णधार, नाव सारे बदलले. बदलला नाही तो एकटा प्रेक्षक. मग संघ म्हणजे वस्तुतः तोच, असे म्हटले तर काय चुकले?

त्याला कसे वागविले गेले ते पाहा. विजयाच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला, घाईघाईने बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर सत्कार ठरला. मैदानात जागा सुमारे ३५ हजारांची. मुख्यमंत्र्यांच्या म्हणण्यानुसार लोक आले दोन-तीन लाख. दरवाजांशी चेंगराचेंगरी होऊन ११ जण मृत्यू पावले, त्यांतील बहुतेक तरुण. बाहेर हे घडत असता आत सत्कार काही वेळ चालूच होता. सतरा वर्षे ज्याने पराभव सोसले, त्याच्यासाठी दार किती रुंद ठेवावे याचा हिशेब मात्र कोणी केला नव्हता.

त्या घटनेनंतर महिलांच्या विश्वचषकाचे बंगळूरचे सामने नवी मुंबईस हलविण्यात आले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताने तेथे अंतिम सामना जिंकला. उपकर्णधार होती सांगलीची स्मृती मानधना. बंगळूरच्या महिला संघाला २०२४ मध्ये पहिला चषक मिळाला, तो तिच्याच नेतृत्वाखाली, पुरुषांच्याही आधी. बंगळूर-म्हैसूरच्या लोकांना ती केव्हाच आपली झाली होती. आपल्या मैदानावर पाहावयास मिळू शकला असता तो सामना त्यांना घरी बसून पडद्यावर पाहावा लागला.